बंबापाशी झांजिबार

गेल्या डिसेंबरात एका लग्नासाठी सोलापूरला गेले होते. सकाळी लॉजच्या मॅनेजरनं चहा पुढं ठेवला आणि माझ्याकडं काळजीनं बघत म्हणाला, "बाई, स्वेटर न्हाय आणला? लई थंडी सुटलीय की." तो स्वतः कानटोपी, मफलर आणि वर चादर अशा बंदोबस्तात उभा होता. खिडकीतनं कोवळं ऊन आत आलं होतं. मला हसू आवरेना. उत्तरेकडच्या माणसाला इथली थंडी म्हणजे पंख्याचा वारा वाटेल. पण सोलापूरकराचं अंग उन्हाळ्यासाठी घडवलेलं असतं. डिसेंबर आला की तो थेट आपल्या जिवावर उठलाय असंच त्याला वाटतं.

लग्नाला वेळ होता म्हणून शुक्रवार पेठेत गेले. आमच्या बोळाच्या तोंडाशी चाचांचं वाचनालय होतं, तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. दाराबाहेर ती टांगलेली होती. एकावर समुद्र, एकावर नारळीची झाडं, एकावर वाळवंटातला सूर्यास्त. मी बघत राहिले ती बघतच राहिले. दुकानदारानं विचारलं, "मॉडेल कुठला?" त्याला काय सांगणार? माझ्या नाकात शेंगांच्या टरफलांचा धूर शिरला होता.

आमचा बंब टरफलांवर चालायचा. तांब्याचा, पोटाला पोचा पडलेला, मागच्या परसात पत्र्याखाली उभा. मिलचा भोंगा झाला की अव्वा उठून तो पेटवायची. अव्वा म्हणजे आई. आमच्याकडं आईला अव्वा, वडिलांना अप्पा, थोरल्या बहिणीला अक्का, आणि रागवायची वेळ आली की सगळं घर मराठी सोडून कन्नडात शिरायचं. टरफलं तडतडायची, शेंगा भाजल्याचा वास सुटायचा, मग तुराट्यांचा धूर डोळ्यांत जायचा, आणि बऱ्याच वेळानं बंबाच्या पोटात पाणी गुणगुणायला लागायचं. त्या गुणगुण्याभोवती आम्ही सगळे गुडघे छातीशी घेऊन बसायचो. सगळ्यात जवळची जागा अप्पांची.

अप्पा म्हणजे भलामोठा माणूस. नव्या पेठेत कापडाचं दुकान. आवाज असा की इकडं हाक मारली तर समोरच्या सराफाचा तराजू हलावा. उन्हाळ्यात त्यांना कशाचंच काही नसे. पण दिवाळी सरली की हा माणूस खचायचा. दोन स्वेटर, त्यावर कोट, मफलर, कानटोपी, पायात मोजे आणि मोज्यांवर अंगठ्याची चप्पल. कपाळाला लावायची विभूतीसुद्धा त्यांना गार लागायची, मग अव्वा ती चुलीच्या कडेला ठेवून कोमट करून द्यायची. दुकानात ते चादर पांघरून गादीवर बसत. गिऱ्हाईक त्यांच्याकडं बघूनच गारठायचं आणि चादर घेऊन जायचं. हिवाळ्यातला आमचा धंदा अप्पांच्या कुडकुडण्यावर चालतो, असं अव्वाचं ठाम मत होतं.

त्या मोठ्या दुष्काळानंतरची ती वर्षं. अक्का कॉलेजात शेवटच्या वर्गात होती, मी शाळेत. अक्काला रहस्यकथांचं वेड होतं आणि अप्पांना त्यांचा राग. "डोळं घालवायचं धंदं हाईत हे," असं ते म्हणायचे. म्हणून अक्का ती पुस्तकं अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकात ठेवून वाचायची. एका सकाळी बंबापाशी ती मला हळू आवाजात वाचून दाखवत होती. गुप्तहेर प्रताप सरनोबत झांजिबारच्या बंदरावर उतरला होता. ऊन असं की जहाजाच्या कठड्याला हात लावला तर चटका बसत होता. लवंगांच्या पोत्यांचा वास घुमत होता. सरनोबतनं रुमालानं मान पुसली, आणि गोदामाचं कुलूप तुटलेलं त्याला दिसलं.

अप्पा पलीकडं डोळे मिटून बसले होते. झोपलेत असं आम्हाला वाटलं. अक्कानं पान उलटलं तेवढ्यात त्यांचा आवाज आला, "कुणी तोडलं?"

अक्का दचकली. अर्थशास्त्र खाली पडलं.

"कुलूप म्हंतोय मी. कुणी तोडलं?" अप्पांनी मफलरचा एक वेढा सोडला. "आन् ते जहाजाचं परत वाच की गं. चटक्याचं."

त्या दिवशी अप्पांनी अंघोळ केली तेव्हा न्हाणीतून रोजचा ओरडण्याचा आवाज आला नाही. दुकानात जाताना म्हणाले, "आज थंडी जरा कमी हाय." नव्हती. रस्त्यावर माणसं दातखीळ बसल्यासारखी चालली होती.

मग रोज सकाळी एक प्रकरण ठरून गेलं. आम्ही झांजिबार संपवलं, बसऱ्याला गेलो, तांबड्या समुद्रावर एका बोटीत दोन प्रेतं बघितली. बाहेर हिवाळ्यातली बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, आणि आत खजुराच्या बागा. अव्वाला लिहितावाचता येत नव्हतं, पण खुनी तिला सगळ्यांत आधी कळायचा. "त्यो दाढीवाला," असं ती भाकरी थापता थापता आतून सांगायची. "का गं?" विचारलं तर म्हणायची, "एवढ्या उन्हात दाढी कशाला ठिवल माणूस? खरी न्हाय ती." आणि ती खरी नसायचीच. अप्पा चिडायचे. "साकु!" म्हणायचे, म्हणजे पुरे. "तू भाकरी बघ."

पुस्तकं चाचांकडून यायची. चाचा दखनी बोलायचे, उर्दू वाचायचे, मराठी मात्र त्यांना वाचता येत नव्हती. त्यामुळं ते मुखपृष्ठ बघून पुस्तकं देत. अक्कानं त्यांना आमची गरज समजावून सांगितली होती, तेव्हापासून आम्ही दिसलो की ते विचारायचे, "क्या होना बेटा, गरम के थंडा?" गरम म्हटलं की गठ्ठ्यातून काढायचे. "ये देख. सूरज हाय, नारियल हाय, औरत पसीना पोंछ री. एकदम गरम. ले जा."

एकदा त्यांनी उंटाचं चित्र असलेलं पुस्तक दिलं. अक्कानं विचारलं, नक्की गरम का? चाचा दुखावले. "ऊंट हाय ना? ऊंट रहा तो गरमीच रहती."

दुसऱ्या दिवशी बंबापाशी अक्कानं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर सरनोबतच्या नाकातून वाफ निघाली. अप्पा खूश झाले. वाफ म्हणजे उकडत असणार. अक्का पुढं वाचायला लागली आणि अडखळली. मी तिच्या खांद्यावरून पानात डोकावले. चहूकडे बर्फ पसरलं होतं, असं तिथं छापलेलं होतं.

"चहूकडे," अक्का म्हणाली, "चहूकडे पांढरी... वाळू पसरली होती."

"पांढरी?"

"असती तिकडं," अव्वा आतून म्हणाली.

अक्का नेटानं वाचत राहिली. वाळूचे डोंगर, वाळूच्या दऱ्या. वरून वाळूचा भुरभुर पाऊस पडत होता. सरनोबत वाळूवरून घसरत घसरत शत्रूच्या मागं गेला. वाळूचा एक मोठा गोळा करून त्यानं एकाला फेकून मारला. अप्पांच्या कपाळावर आठ्या येत होत्या, पण सरनोबतवर त्यांचा भरवसा होता. शेवटी तो एका झोपडीत शिरला, शेकोटीजवळ बसला, आणि सवयीनं वाचता वाचता अक्काच्या तोंडून निघून गेलं, "त्याच्या बुटांतली वाळू वितळली आणि मोजे भिजले."

"वितळली?" अप्पा उठून उभे राहिले. "वाळू वितळली? दाव हिकडं."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, बोट ठेवून ते वाक्य वाचलं, आणि जागच्या जागी शिंकले. मग एकामागून एक शिंकतच राहिले. संध्याकाळी ताप चढला. पुढचे कितीतरी दिवस ते चादरीच्या ढिगाखाली पडून सुंठीचा काढा पीत होते आणि येईल त्याला सांगत होते, "दोन वशिंडाचं उंट हुतं, बर्फातलं. तवाच कळाय पायजे हुतं मला."

अव्वा ते पुस्तक घेऊन चाचांच्या दुकानात गेली, मी तिच्या मागं. तिनं चित्रावर बोट आपटलं. "बघा की नीट! हे काय हितलं उंट हाय व्हय?" चाचांनी चष्मा लावला. बराच वेळ चित्राकडं बघितलं. मग कानाला हात लावला. "माफ करो अम्मा. मैं एकीच गिना था."

अप्पा उठून बसले तोवर गड्ड्याच्या जत्रेचे दिवस आले होते. संध्याकाळी तळ्याकडनं पाळण्यांचा करकर आवाज यायचा, भज्यांचा वास यायचा. त्याच दिवसांत अक्कासाठी एक स्थळ सांगून आलं. मुलाचं नाव शिवानंद. वडील होटगीला रेल्वेत. मुलगा शिकलेला, सरकारी नोकरीत. सगळं चांगलं होतं. अप्पांनी विचारलं, "नोकरी कुटं?"

"हिमाचलात. सिमल्याच्या पल्याड, डोंगरात," स्थळ सांगणारे मामा म्हणाले. "हवामान खात्यात हाय."

"करतो काय तितं?"

मामांनी जरा विचार केला. "थंडी मोजतो."

अप्पांच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते मी नंतर कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिले नाहीत. पण नातेवाईक जवळचे, नाही म्हणता येईना. बघण्याचा कार्यक्रम झाला. आमच्या बाजूचे सगळे शाली-चादरींत बसलेले, खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. आणि शिवानंद आला तो अर्ध्या बाह्यांच्या पातळ शर्टात. बसला, घाम पुसला, प्यायला पाणी मागितलं, गारच द्या म्हणाला. मग संकोचानं विचारलं, "हितं जरा उकडतंय. खिडकी उघडू का?"

त्यानं खिडकी उघडली. अप्पा उठून आत गेले आणि दुसरी चादर घेऊन आले.

त्याच्या आईनं अक्काला नेहमीचं विचारलं, शेंगाची चटणी येती का, भाकरी येती का. मग कुणीतरी म्हणालं, मुलीला काय विचारायचं असेल तर विचारू दे. अक्कानं मान वर केली. "हिवाळ्यात तिथं तुम्ही करता काय?"

"थंडी मोजतो," तो म्हणाला. "पण त्याला कितीसा वेळ लागतो? मग रस्ता बंद होतो, वीज जाते. आम्ही दोघं-तिघं शेगडीभोवती बसतो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. पानागणिक वाचणारा बदलतो, बोटं गारठतात म्हणून."

"काय वाचता?"

शिवानंद ओशाळला. "एकच पुस्तक हाय तितं. मागचे साहेब ठेवून गेले. सफरचंदाच्या किडी आणि त्यांचा बंदोबस्त. दर हिवाळ्यात तेच वाचतो. आता कुठली कीड कुठल्या पानावर येणार ते सगळ्यांना ठाऊक झालंय, त्यामुळं पहिली मजा राहिली न्हाय."

अक्का हसली. बघायला आलेल्या मुलीनं हसायचं नसतं, निदान त्या काळी नसायचं. ती पदरात तोंड घालून हसली, थांबली, पुन्हा हसली. शिवानंद आधी बावरला आणि मग तोही हसायला लागला. मी अक्काला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. उघड्या खिडकीतून वारा येत होता आणि तिनं शाल सावरली नव्हती.

ते गेल्यावर अप्पा म्हणाले, "न्हाय जमायचं. पोरगी द्यायची म्हंजे काय बर्फाच्या लादीवर नेऊन ठिवायची?"

गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना अक्कानं मला एवढंच सांगितलं, "इतकी वर्षं सरनोबतच्या मागं फिरले गं. मला एकदा खरंच कुठंतरी जायचंय."

दुसऱ्या दिवशी बंबापाशी तिनं पुस्तक उघडलं नाही. घसा बसलाय म्हणाली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बसलेलाच होता. गोष्ट तर अशा जागी थांबली होती की कैरोच्या एका विहिरीत कुणीतरी हाका मारत होतं आणि दोर कापलेला होता. अप्पा कासावीस झाले. शेवटी त्यांनी स्वतःच पुस्तक उचललं. दुकानात कापडाच्या गाठींवरची नावं वाचावीत तसे ते वाचायला लागले. "सरनोबत. विहिरीच्या. काठावर. वाकला. सूर्य. आग. ओकत. होता." एक पान झालं, दोन झाली. सूर्य ओकत राहिला. अप्पांनी मधेच मफलर घट्ट केला, मग कानटोपी खाली ओढली.

"ह्याच्यात ऊब न्हाय," ते म्हणाले. "चाचानं पुन्ना थंडं दिलं."

अव्वा बंबात टरफलं टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "पुस्तक गरमच हाय. वाचणारी गार पडलीय."

अप्पांनी पुस्तक मिटलं. अक्का उठून आत गेली होती. बंबातलं पाणी उकळून वाफ बाहेर यायला लागली तरी ते अंघोळीला उठले नाहीत. मग एकदम उठले, अंगावर होतं नव्हतं तेवढं सगळं चढवलं, वर रजई घेतली आणि अंघोळ न करताच स्टेशनकडं निघाले. दुकान त्या दिवशी बंद राहिलं. दुपारी होटगीहून परत आले तेव्हा नाक लाल झालं होतं. "चैत्र सरल्यावर बार उडवू म्हंतेत," एवढंच बोलून ते चादरीत शिरले. पुढं शिवानंदच्या वडिलांकडून कळलं की अप्पांनी तिथं हुंडा-मानपान काही काढलं नाही. एकच गोष्ट विचारली होती: त्या घराला खिडक्या किती, आणि त्या बंद होतात का.

आत अक्का रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिचा घसा सुटला आणि विहिरीतला माणूस वर आला. अव्वानं आधीच सांगितलं होतं तसा, दाढी नसलेला.

लग्न वैशाखात झालं. मांडवावरचा पत्रा तडकत होता. मुंडावळ्यांच्या आड नवरदेव उकडलेल्या बटाट्यासारखा लाल झाला होता आणि अक्षता पडण्याआधीच डोळे फिरवून पाटावर बसला. त्याला कांद्याचा वास दिला, मिठाचं पाणी पाजलं. अप्पा उघड्या अंगावर उपरणं टाकून, तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहून, त्याला पंख्यानं वारा घालत होते. इतके सुखी ते क्वचितच दिसले असतील. "थंडी मोजता न्हवं जावईबापू?" ते म्हणाले. "आता हे मोजा."

पुढचा हिवाळा आला. बंबापाशी मी वाचायला लागले. मी काही वाईट वाचत नव्हते. पण एडनच्या बाजारात गोळीबार चालू असताना अप्पा मधेच विचारायचे, "तितं आता कसं असंल गं?" तितं म्हणजे एडन नव्हे. एका सकाळी त्यांनी जाहीर केलं की आपण अक्काला भेटायला जायचं.

अव्वानं कपाळावर हात मारला. "अय्य शिवने! जायचंच हाय तर उन्हाळ्यात जावा की."

"उन्हाळ्यात काय," अप्पा म्हणाले, "उन्हाळ्यात कुणीबी जाईल."

घर सांभाळायला अव्वा राहिली. मी आणि अप्पा निघालो. चाचांनी निवडून पुस्तकं दिली. प्रत्येक मुखपृष्ठ उजेडात धरून, उंट असले तर वशिंडं तपासून. रेल्वेनं, मग छोट्या रेल्वेनं, मग बसनं आम्ही वर वर जात राहिलो. अप्पांचे नुसते डोळे दिसत होते. शेवटचं वळण घेतलं आणि सगळं पांढरं झालं. अप्पांनी खिडकीची काच पुसली, बराच वेळ बाहेर बघितलं, आणि इतकंच म्हणाले, "वाळू."

अक्का दारात उभी होती. गाल लाल, अंगावर शिवानंदचा जाड कोट. तिनं अप्पांना मिठी मारली तेव्हा दोघांच्या कपड्यांमुळं हात एकमेकांपर्यंत पोचेनात. आत शेगडीभोवती शिवानंदच्या हाताखालचे एक सरदारजी आणि एक बंगाली बाबू बसले होते. अक्का मराठीत सरनोबत वाचायची, शिवानंद त्याचं हिंदी करायचा. सफरचंदाच्या किडी मागच्या फळीवर धूळ खात पडल्या होत्या.

अप्पा आता नाहीत. अव्वा त्यांच्यामागं थोड्या वर्षांनी गेली. अक्का चंदीगडला नातवंडांत रमली आहे. त्या दिवशी मोबाइलच्या दुकानासमोरून मी तिला फोन केला, तर तिनं आधी विचारलं, "सोलापुरात थंडी कशी आहे?" लई हाय म्हटलं, तर पलीकडून कितीतरी वेळ नुसता हसण्याचा आवाज आला. मग आम्ही दोघी डोंगरातल्या त्या दुपारबद्दलच बोललो.

आम्ही अक्काकडं पोचल्यावर दोन दिवसांत रस्ता बंद झाला. आठवड्यासाठी गेलेलो आम्ही तिथंच अडकलो. बर्फ थांबेना. पुस्तकं एकेक करून संपली. एका दुपारी, दुपारच पण संध्याकाळसारखी काळवंडलेली, सरदारजींनी उसासा टाकून मागच्या फळीकडं हात नेला. बंगाली बाबू कळवळून म्हणाले, "ना, ना, कीड़ा ना!"

अक्का म्हणाली, "अप्पा, तुम्ही सांगा की काहीतरी."

"मी? मला कुटं गोष्टी येतेत?"

"गोष्ट नको. वैशाख सांगा."

शेगडीत लाकूड फुटलं. मग अप्पांनी खाकरून घसा साफ केला आणि दुकानातल्या त्या मोठ्या आवाजात नाही, अगदी हळू सुरुवात केली. सकाळी घराची कडी काढाय गेलं तर ती तापलेली असती. भिंतीला पाठ टेकवता येत न्हाय. डांबरात चप्पल अडकून राहती, माणूस पुढं जातो. सराफ सोन्याला फडक्यानं धरतो. गच्चीवर कुरडया घातल्या तर अव्वा निम्म्या घालून खाली येईपतूर पहिल्या वाळलेल्या असतेत. गाढवं भिंतीच्या सावलीत एकामागं एक उभी राहतेत, सावली सरकली की तीबी सरकतेत. शिवानंद हिंदी करत होता, पण त्याचंही अर्ध्यावर सुटत होतं, कारण तो ऐकायला लागला होता. बंगाली बाबूंनी कोटाचं वरचं बटण काढलं. बाहेर छपरावरून बर्फाचा एक लोट धप्पकन खाली पडला, कुणी तिकडं पाहिलं नाही.

"आन् मग दुपार हुती," अप्पा पुढं वाकून म्हणाले. "नव्या पेठेत माणूस न्हाय. कुत्रं न्हाय. समदी दारं लावल्याली. पान हलंना. आवाज कसला तो न्हाय. मी एकटा दुकानात आतून कडी घालून पडलोय."

सरदारजी शेगडीवर ओणवे झाले होते. त्यांनी शिवानंदची वाटही पाहिली नाही. "फिर?" ते कुजबुजले. "फिर क्या हुआ, बाबूजी? कत्ल हुआ?"

अप्पांनी त्यांच्याकडं आश्चर्यानं बघितलं. मग त्यांना समजेल अशा, आपल्या सोलापुरी हिंदीत ते म्हणाले, "कत्ल कायकू होता? शामकू दुकान खोला."